काउंटीचे उघडे दप्तर : सार्वजनिक खर्चातील पारदर्शकतेचा एक विचार

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अर्थव्यवहाराविषयी लिहिताना ‘पारदर्शकता’ हा शब्द आता इतका सरावाचा झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, असे विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. याच आशयासाठी ‘लोकांपुढे हिशेब मांडणे’ हा साधा शब्दप्रयोग मराठीत पूर्वीपासून रूढ आहे, आणि त्यात एक गुण आहे. हिशेब मांडावयाचा म्हटला म्हणजे तो पाहणारा, त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारणारा कोणीतरी समोर बसलेला असावा लागतो. पारदर्शकतेच्या कल्पनेत ही समोरची व्यक्ती गृहीतच धरलेली नाही. काच स्वच्छ असली की काम झाले. तिच्यातून कोणी पाहतो की नाही, हा प्रश्न उरतच नाही. दप्तर उघडे असणे आणि हिशेब वाचला जाणे या दोन गोष्टींतील हे अंतर किती महाग पडू शकते, याचे अत्यंत बोलके उदाहरण अमेरिकेतील काउंटी-शासनाच्या इतिहासात सापडते. कॅलिफोर्निया राज्यातील ऑरेंज काउंटीने ६ डिसेंबर १९९४ रोजी संघराज्याच्या नादारी-न्यायालयात अर्ज केला. त्या घटनेचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः करावयाचा आहे.

प्रथम काउंटी या घटकाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो आणि ती तुलना अर्धीच खरी आहे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या असून कॅलिफोर्नियात त्यांची संख्या ५८ आहे. लुइझियाना राज्यात त्यांना ‘पॅरिश’ म्हणतात. कनेक्टिकटने तर १९६० साली काउंटी-शासनच मोडीत काढले. तुरुंग, शेरीफचे दल, सार्वजनिक आरोग्य, निराधारांचे साहाय्य, निवडणुका, मालमत्तेच्या नोंदी आणि मालमत्ता कराची वसुली ही काउंटीची सर्वसाधारण कामे होत. यांतील बहुतेक कामे राज्याने नेमून दिलेली असतात. म्हणजे काउंटी ही एकीकडे राज्याची हस्तक आणि दुसरीकडे स्थानिक मतदारांची प्रतिनिधी, अशा दुहेरी भूमिकेत वावरते. कॅलिफोर्नियात तिचा कारभार सामान्यतः पाच निर्वाचित सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ चालविते. परंतु शेरीफ, करनिर्धारक आणि पुष्कळ ठिकाणी कोषाध्यक्ष हे अधिकारीही मतदार स्वतंत्रपणे निवडून देतात. हे शेवटचे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमान्वये जिल्हा परिषदेचा मुख्य लेखा व वित्त अधिकारी हा शासनाने नेमलेला सेवक असतो. त्याच्यावर वरिष्ठ असतो आणि त्याची बदली होऊ शकते. ऑरेंज काउंटीच्या कोषाध्यक्षास वरिष्ठ नव्हता. त्याला जाब विचारण्याचा अधिकार तत्त्वतः सर्व मतदारांस होता, आणि व्यवहारात तो कोणीच बजावीत नव्हते.

हे कोषाध्यक्ष म्हणजे रॉबर्ट सिट्रन. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ते सतत निवडून येत होते. रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या या काउंटीत एका डेमोक्रॅट पक्षीयाने दोन दशकांहून अधिक काळ हे पद राखावे, याचे एकमेव कारण असे की, त्यांच्या हाती दिलेला पैसा इतरांच्या हातातील पैशापेक्षा अधिक व्याज देई. हे व्याज काउंटीस का हवे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ संमत केला. त्यायोगे मालमत्ता कराचा दर निर्धारित मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला आणि त्या मूल्यातील वार्षिक वाढ, मालमत्ता विकली जाईपर्यंत, दोन टक्क्यांहून अधिक होऊ नये असे बंधन आले. काउंट्यांचा सर्वांत भरवशाचा उत्पन्नमार्ग यामुळे आक्रसला. त्यानंतर १९९२ आणि १९९३ या वर्षांत राज्याने स्वतःची तूट भरून काढण्यासाठी मालमत्ता कराच्या उरलेल्या उत्पन्नातीलही काही भाग काउंट्यांकडून काढून शाळांकडे वळविला. नागरिकांस सेवा हव्या होत्या. कर नको होते. अशा परिस्थितीत, कर न वाढविता पैसा निर्माण करून देणारा कोषाध्यक्ष हा देवदूतच वाटणार. १९९४-९५ च्या अंदाजपत्रकात काउंटीच्या सर्वसाधारण निधीपैकी सुमारे एक-तृतीयांश उत्पन्न व्याजातून येईल असे धरण्यात आले होते. एखाद्या शासनसंस्थेच्या अंदाजपत्रकात व्याजाचा वाटा इतका मोठा दिसला, तर वाचणाऱ्याने तेथेच थांबावयास हवे होते. हा आकडा गुप्त नव्हता. तो छापलेल्या अंदाजपत्रकात होता.

आता या व्याजाची निर्मिती कशी होत होती ते पाहू. काउंटीच्या कोषात केवळ काउंटीचाच पैसा नव्हता. कायद्याने शाळा-जिल्ह्यांना आपला पैसा काउंटीच्या कोषाध्यक्षाकडेच ठेवावा लागे. शिवाय अनेक नगरे, पाणीपुरवठा संस्था आणि परिवहन संस्था स्वेच्छेने आपल्या ठेवी तेथे आणीत. अशा सुमारे दोनशे सार्वजनिक संस्थांचा मिळून एकत्रित निधी साडेसात अब्ज डॉलरांच्या घरात गेला होता. सिट्रन यांनी या पैशातून सरकारी वा सरकारपुरस्कृत संस्थांचे रोखे घेतले, ते रोखे दलालांकडे तारण ठेवून अल्प मुदतीची कर्जे उचलली आणि त्या कर्जांतून पुन्हा दीर्घ मुदतीचे रोखे घेतले. असे करीत निधीची एकूण गुंतवणूक वीस अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेली. म्हणजे जवळजवळ तेरा अब्ज डॉलर उसने होते. याखेरीज निधीचा मोठा भाग अशा विशेष प्रकारच्या रोख्यांत होता की, ज्यांवरील व्याज बाजारातील दर उतरले म्हणजे चढते आणि दर चढले म्हणजे उतरते. अल्प मुदतीच्या कर्जाचा दर कमी आणि दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा दर अधिक, या दोहोंतील फरक हाच नफा. जोपर्यंत अल्पकालीन दर खाली आहेत तोपर्यंत ही रचना उत्तम चालते, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ते सतत खाली जात होते.

फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर वाढविण्यास आरंभ केला. वर्षाच्या प्रारंभी तीन टक्के असलेला अल्पकालीन दर सहा टप्प्यांत नोव्हेंबरपर्यंत साडेपाच टक्क्यांवर गेला. दर चढले की पूर्वीच्या दराने काढलेल्या रोख्यांची बाजारातील किंमत घसरते, हा प्राथमिक सिद्धांत आहे. येथे घडलेल्या नुकसानाचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्यासारखे आहे. अखेरीस ठरलेला तोटा सुमारे १.६४ अब्ज डॉलरांचा होता. एकूण साडेवीस अब्जांच्या गुंतवणुकीशी तो ताडून पाहिला तर तो आठ टक्के भरतो. दर इतके चढलेल्या वर्षात हे नुकसान असामान्य नव्हे. परंतु उसने घेतलेले तेरा अब्ज तर पूर्णच परत करावयाचे होते. त्यामुळे सगळा तोटा ठेवीदारांच्या साडेसात अब्जांवर पडला आणि तो बावीस टक्क्यांच्या जवळपास गेला. शाळेने ठेवलेल्या प्रत्येक शंभर डॉलरांतील बावीस डॉलर गेले ते या उसनवारीमुळे.

डिसेंबरच्या पहिल्या दिवशी काउंटीने दीड अब्ज डॉलरांच्या तोट्याची घोषणा केली. कर्जे देणाऱ्या पेढ्यांनी मुदतवाढ नाकारली, तारण असलेले रोखे विकावयास काढले आणि सहा तारखेस अर्ज दाखल झाला. अमेरिकेतील स्थानिक संस्थेची तोपर्यंतची ही सर्वांत मोठी नादारी होती. हा अर्ज करणे आणि नंतर उरलेले रोखे घाईने विकून टाकणे कितपत आवश्यक होते, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. नोबेल पारितोषिक विजेते मर्टन मिलर यांनी निधी वस्तुतः दिवाळखोर नव्हता असा पक्ष घेतला. १९९५ मध्ये दर पुन्हा उतरले, हा त्यांच्या बाजूचा पुरावा. उलट फिलीप जोरियन यांचा भर उसनवारीने वाढविलेल्या जोखमीवर आहे. दर उतरतील की चढतील हे त्या डिसेंबरात कोणासच ठाऊक नव्हते, आणि शिक्षकांचे पगार ज्यातून द्यावयाचे तो पैसा अशा अंदाजावर टांगून ठेवणे कोणत्याही कोषाध्यक्षाचे काम नव्हे. म्हणून मला जोरियन यांची बाजू अधिक ग्राह्य वाटते.

येथपर्यंतची हकीकत गुंतवणुकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा आहे. हे सारे लपून घडले काय?

कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांच्या सभा लोकांस खुल्या असाव्यात, त्यांची विषयपत्रिका आगाऊ प्रसिद्ध व्हावी, असे सांगणारा ‘ब्राऊन कायदा’ १९५३ सालापासून अस्तित्वात आहे. सार्वजनिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क देणारा राज्याचा कायदा १९६८ चा आहे. दरवर्षी प्रत्येक काउंटीत सामान्य नागरिकांची ‘ग्रँड ज्युरी’ बसते आणि काउंटीच्या कारभाराची चौकशी करून अहवाल देते; ही संस्था अमेरिकेतही फारच थोड्या राज्यांत अशा स्वरूपात टिकली आहे. पदसिद्ध लेखानियंत्रक होता; बाहेरचे नामांकित लेखापरीक्षक होते. आणि स्वतः सिट्रन यांनी आपल्या एका वार्षिक अहवालात, व्याजदर पुढील काही वर्षे कमी राहतील या गृहीतावर आपले धोरण उभे आहे, असे स्पष्ट लिहिले होते. यापेक्षा अधिक उघड ते काय असावयाचे?

परंतु दोन आकडे कोणत्याही नियमित विवरणपत्रात ठळकपणे येत नव्हते. एक, रोख्यांची त्या दिवशीची बाजारातील किंमत. दुसरा, उसनवारीचे मूळ निधीशी प्रमाण. रोखे मुदत संपेपर्यंत जवळ ठेवावयाचे आहेत, तेव्हा मधल्या चढउतारांस अर्थ नाही, असे समर्थन करून ते खरेदीच्या किमतीस दाखविले जात आणि तत्कालीन हिशेबपद्धतीस ते मान्यही होते. हे समर्थन ज्याच्या जवळ स्वतःचा पैसा आहे त्याला शोभते. उसन्या पैशावर उभ्या असलेल्या माणसास मुदत संपेपर्यंत थांबण्याचे स्वातंत्र्य नसते. ते सावकाराच्या हाती असते.

दुसरी गोष्ट सभागृहातील आहे. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने जानेवारी १९९६ मध्ये पर्यवेक्षक मंडळाच्या वर्तनाविषयी एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. स्थानिक वित्ताच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचावा. मंडळाच्या विषयपत्रिकेत एक ‘सर्वसंमत’ विभाग असे. नित्याचे, वादरहित समजले जाणारे ठराव त्यात एकत्र घालून एकाच मताने, चर्चेवाचून संमत केले जात. काउंटीने १९९४ साली काढलेल्या कर्जरोख्यांचे ठराव याच विभागातून गेले. त्यांतील ६० कोटी डॉलरांची एक उचल तर पुन्हा त्याच गुंतवणूक निधीत घालून व्याजातील फरक मिळविण्यासाठी होती. ज्या कागदपत्रांच्या आधारे जनतेने हे रोखे विकत घ्यावयाचे, त्यांत निधीची जोखीम पुरेशी सांगितलेली नव्हती. आणि ती कागदपत्रे ज्यांच्या नावाने निघाली त्या पर्यवेक्षकांनी त्यांविषयी प्रश्न विचारले नव्हते. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे की, आर्थिक स्थितीविषयी शंका यावी अशी माहिती ज्याच्याजवळ आहे, त्या लोकप्रतिनिधीने केवळ अधिकाऱ्यांवर विसंबून स्वाक्षरी करणे पुरेसे नाही.

आपल्याकडील सभागृहांशी परिचित असलेल्या वाचकास येथे ‘ऐनवेळचे विषय’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. दोहोंत एक फरक मात्र आहे. ऐनवेळचा विषय पत्रिकेवर नसतो, म्हणून तो संशयास्पद दिसतो आणि त्यावर निदान ओरड तरी होते. सर्वसंमत विभागातील विषय पत्रिकेवर रीतसर छापलेला असतो, ७२ तास आधी कोणीही वाचावा असा टांगलेला असतो, आणि म्हणूनच तो कोणी वाचीत नाही. कायद्याचे पालन पूर्ण, चर्चा शून्य.

हिशेब वाचणारा मुळीच नव्हता, असेही नाही. जॉन मूर्लाक नावाच्या एका लेखापालाने १९९४ च्या जूनमधील निवडणुकीत सिट्रन यांना आव्हान दिले. निधीतील उसनवारी आणि दर चढल्यास होणारा तोटा हाच त्यांच्या प्रचाराचा विषय होता आणि त्यांनी पर्यवेक्षकांसही लेखी इशारा दिला होता. त्यांनी वापरलेली माहिती कोणत्याही चोरवाटेने मिळविलेली नव्हती. उपलब्ध कागदपत्रांवरून प्रशिक्षित माणसास हे अनुमान काढता येत होते. तरीही हा इशारा निवडणुकीतील उमेदवाराची नेहमीची आरडाओरड म्हणून सोडून देण्यात आला, आणि मूर्लाक पराभूत झाले. सहा महिन्यांनी सर्व खरे ठरले. पुढील वर्षी तेच कोषाध्यक्ष नेमले गेले.

याचा उलगडा मतदारांच्या अज्ञानाने होत नाही. ज्या नगरांनी व शाळा-जिल्ह्यांनी निधीत पैसा ठेवला होता, त्यांचे वित्ताधिकारी अज्ञ नव्हते. त्यांतील काहींनी तर स्वतः कर्जरोखे काढून तो पैसा सिट्रन यांच्याकडे अधिक व्याजासाठी नेऊन दिला. राज्याचा निधी जे देतो त्यापेक्षा हा निधी इतके अधिक कसे देतो, असा प्रश्न त्यांना पडला नसेल असे मानणे कठीण आहे. प्रश्न पडला असावा. पण त्याच्या उत्तरात कोणाचेच हित नव्हते. उत्तर मिळाले असते तर व्याज सोडावे लागले असते. व्याज सोडले तर कर वाढवावा अथवा सेवा कमी कराव्या लागल्या असत्या. आणि ते मतदारांस सांगावे लागले असते. माझ्या मते ऑरेंज काउंटीच्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. दप्तर उघडे राहिले, कारण ते बंद करण्याची कोणास गरजच वाटली नाही. नफ्याच्या वर्षांत हिशेबाकडे पाठ फिरविण्यास लोकप्रतिनिधी, ठेवीदार संस्था, रोखे विकणारी पेढी आणि करदाता हे सर्वच राजी असतात. मार्क बाल्डासारे यांनी या नादारीच्या अभ्यासात काउंटीतील विखुरलेली सत्ता, मतदारांचा शासनावरील अविश्वास आणि राज्याने लादलेली आर्थिक टंचाई या तीन कारणांवर भर दिला आहे. तिन्ही कारणे या एका संमतीकडे वळतात असे दिसून येईल.

सिट्रन यांनी एप्रिल १९९५ मध्ये सहा गुन्ह्यांची कबुली दिली. त्यांनी स्वतःच्या खिशात एक डॉलरही घातला नव्हता. गुन्हा होता तो इतर संस्थांच्या वाट्याचे व्याज काउंटीच्या खात्यावर वळविण्याचा आणि हिशेबात खोटी नोंद करण्याचा. त्यांना एक वर्षाची सजा आणि एक लाख डॉलर दंड झाला. ते गुंतवणुकीसाठी ज्योतिषाचा सल्ला घेत, ही गोष्ट पुढे वृत्तपत्रांनी बरीच रंगविली. पण ती गौण आहे. ग्रहांनी सांगितलेले असो की पेढीच्या तज्ज्ञांनी सांगितलेले असो, उसनवारीचे गणित बदलत नाही. दोन पर्यवेक्षक आणि लेखानियंत्रक यांच्यावर ग्रँड ज्युरीने कर्तव्यच्युतीचे आरोप ठेवले. ते न्यायालयात टिकले नाहीत. प्रश्न न विचारणे हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरविणे फार अवघड आहे. रोखे विकणाऱ्या मेरिल लिंच या पेढीने १९९८ मध्ये ४० कोटी डॉलर देऊन काउंटीशी तडजोड केली.

तोटा भरून काढण्यासाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ करावी, असा प्रस्ताव जून १९९५ मध्ये मतदारांपुढे ठेवला गेला. तो त्यांनी मोठ्या फरकाने फेटाळला. ज्यांनी व्याजाचा लाभ घेतला त्यांनी तोट्याचा भार नाकारला, अशी टीका यावर झाली, आणि ती निराधार नाही. मग भरपाई झाली ती कोणाच्या पदरातून? काउंटीने नोकरकपात केली आणि निराधारांसाठी असलेल्या सेवा आटविल्या. बससेवेसाठी राखून ठेवलेल्या उत्पन्नातील भाग वर्षानुवर्षे कर्जफेडीकडे वळविला. जेथे मोटारीवाचून राहणे म्हणजे गरीब असणे, अशा प्रदेशात बसचा पैसा काढणे म्हणजे नेमके कोणाचे काढणे, हे सांगावयास नको. शाळा-जिल्ह्यांस त्यांच्या ठेवींपैकी सुमारे नव्वद टक्के आणि नगरांस सुमारे ऐंशी टक्के रक्कम परत मिळाली. उरलेल्यासाठी दाव्यांची वाट पाहावी लागली. १९९६ मध्ये काउंटी नादारीतून बाहेर पडली, ती नवी कर्जे काढून. त्या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटला तो २०१७ साली.

ऑरेंज काउंटीचा हा विक्रम २०११ मध्ये अलाबामा राज्यातील जेफर्सन काउंटीने मोडला. ते प्रकरण जातीने वेगळे असल्यामुळे थोडक्यातच सांगतो. नद्यांत मैलापाणी सोडले जात असल्याबद्दलच्या खटल्यात १९९६ साली झालेल्या आदेशामुळे काउंटीस सांडपाण्याची सर्व व्यवस्था दुरुस्त करणे भाग पडले. तीन अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज झाले. २००२-०३ नंतर ते बदलत्या व्याजदराच्या रोख्यांत रूपांतरित करून त्यावर व्याजदरांच्या अदलाबदलीचे करार करण्यात आले, आणि २००८ च्या वित्तीय संकटात ही सर्व रचना कोसळली. येथे लाच होती. जेपी मॉर्गन पेढीने काही आयुक्तांच्या निकटवर्तीयांस ऐंशी लाख डॉलरांहून अधिक रकमा दिल्या आणि तो खर्च करारांच्या दरांत मिळवून काउंटीकडूनच वसूल केला, असे रोखे आयोगाने २००९ मध्ये दाखवून दिले. काउंटी आयोगाचे माजी अध्यक्ष लॅरी लँगफोर्ड यांस पंधरा वर्षांची कैद झाली. येथेही करार सभेत, ठरावाने संमत झाले होते. करार मंजूर झाल्याचे सर्वांस कळले. कराराच्या दरात काय दडले आहे, हे कोणास कळले नाही. गरिबांवर मोफत उपचार करणाऱ्या काउंटीच्या रुग्णालयातील आंतररुग्ण विभाग २०१२ च्या अखेरीस बंद झाला.

याच्या उलट एक उदाहरण लॉस एंजेलिस काउंटीतील बेल या छोट्या नगराचे देता येईल. तेथील प्रशासकाचे वार्षिक वेतन आठ लाख डॉलरांच्या जवळपास असल्याचे २०१० च्या जुलैमध्ये एका वृत्तपत्राने छापले, आणि काही दिवसांत नगरवासी सभागृहात शिरले. वेतनाचा आकडा प्रत्येकास स्वतःच्या वेतनाशी ताडून पाहता येतो. त्यानंतर राज्याच्या लेखानियंत्रकाने सर्व स्थानिक अधिकाऱ्यांची वेतने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ही उत्तम गोष्ट झाली. परंतु आठ लाखांवर उठलेला संताप दीड अब्जांवर आधी का उठला नाही, याचे कारण आकड्याच्या आकारात नसून त्याच्या वाचनीयतेत आहे. ज्या आकड्यास तुलना नाही तो आकडा नागरिकास मुका असतो. बाजारातील किंमत, उसनवारीचे प्रमाण, शेजारच्या काउंटीतील व्याजाचा दर, हे तीन आकडे शेजारी शेजारी छापले असते, तर ऑरेंज काउंटीच्या हिशेबास वाचा फुटली असती.

नादारीनंतर झालेल्या सुधारणांचा रोख बराचसा याच दिशेने होता. शासकीय लेखामानक मंडळाने १९९७ मध्ये आपले ३१ वे मानक काढून अशा निधीतील गुंतवणूक बाजारातील किमतीस दाखविण्याची सक्ती केली. कॅलिफोर्निया विधिमंडळाने १९९५ मध्येच कायदे करून रोखे तारण ठेवून कर्ज काढण्यावर निधीच्या वीस टक्क्यांची मर्यादा घातली, दर तिमाहीस बाजारातील किमतीसह अहवाल मंडळापुढे ठेवणे बंधनकारक केले आणि प्रत्येक काउंटीत कोषाच्या देखरेखीसाठी समिती असावी असे ठरविले. यांतील शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. कारण तिने एका विशिष्ट समितीवर हिशेब वाचण्याचे काम सोपविले.

या सक्तीची पुढील कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या संविधानातील १९७९ च्या एका दुरुस्तीप्रमाणे, राज्याने स्थानिक संस्थांवर एखादे नवे काम लादले तर त्याचा खर्च राज्याने भरून द्यावा लागतो. तिमाही अहवाल तयार करणे आणि समितीच्या बैठका भरविणे हेही असे लादलेले काम ठरले आणि काउंट्या त्याचे पैसे मागू लागल्या. २००४ साली राज्य पुन्हा तुटीत असताना विधिमंडळाने मार्ग काढला : अहवाल ‘सादर करील’ या शब्दांच्या जागी ‘सादर करू शकेल’ असे शब्द घातले, आणि समितीची सक्तीही ऐच्छिक झाली. खर्च वाचला. त्या काळात या दुरुस्तीवर मोठी चर्चा झाल्याचे आढळत नाही. कित्येक काउंट्यांनी अहवाल देणे स्वेच्छेने चालू ठेवले आहे. ऑरेंज काउंटीचे कोषाध्यक्ष तर दरमहा अहवाल काढतात, त्यात प्रत्येक रोख्याची खरेदीची किंमत व बाजारातील किंमत शेजारी शेजारी असते, आणि तेथे देखरेख समितीही बसते.